दरीपलीकडची गोळी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि आज मला राग आला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझ्या उजव्या भिंगाला बुरशी लागली आहे, पट्टा दोनदा तुटून शिवला आहे, आणि अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरांत मी गेल्या वर्षी जे पाहिले ते गोड नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला समज आली ती ओर्विल हॉगन यांच्या गळ्यात. ते गुरे पाळत आणि नोव्हेंबरात वर्षभराच्या मांसासाठी एक एल्क मारत. एल्क म्हणजे घोड्याएवढे हरीण. ओर्विल आधी तासन्‌तास माझ्यातून पाहत. नेम धरण्याजोगा नसेल तर बंदूक न उचलता घरी येत आणि मग हिवाळाभर घरात घेवडाच शिजे. गोळी सुटली की ती लागो वा न लागो, जनावर उभे होते तिथपर्यंत ते चालत जात. रक्त सांडूनही जनावर हाती लागले नाही, तर स्वतःचा टॅग कापून टाकत. टॅग म्हणजे हंगामात एक जनावर मारण्याची परवानगी देणारी चिठ्ठी. जनावर पडले की तिच्यावरची तारीख सुरीने कापतात. हरवलेल्या जनावरासाठी कापा असे कायदा सांगत नव्हता, पण हॉगनांच्या घरात तसेच चाले. "ओर्विलच्या दुर्बिणीतून काही सुटत नाही," असे गावात म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

ते वारले आणि मी त्यांच्या मुलाकडे, रॉइसकडे आले. त्याने नवी बंदूक घेतली, तिच्यावर अंतराचे आकडे दाखवणारी नवी दुर्बीण बसवली. मी ट्रकमध्ये हातमोजे आणि खाऊच्या रिकाम्या पिशव्यांखाली गेले. अडगळीचे मला फारसे वाटले नाही. मला छळत होती ती त्याची बडबड. "या गोळीपुढं जनावर जागच्या जागी लोळतं, कुठंही लागू दे," असे तो दर हंगामात कुणाला ना कुणाला ऐकवी. पोटात गोळी घेऊन मैलभर चाललेले एल्क मी पाहिले आहेत. मला तोंड असते तर तिथेच त्याची हजेरी घेतली असती.

गेल्या नोव्हेंबरात त्याची थोरली बहीण व्हर्ना बरोबर आली. तिने मला पिशव्यांखालून उपसले, बाहीने पुसले आणि गळ्यात घातले. दुपारी दरीपलीकडे एक नर चरताना दिसला.

"सातशे यार्ड," रॉइस म्हणाला.

"मग जवळ जाऊ या. तासभर लागेल."

"तो काय तुझी वाट बघत बसणारे तासभर?"

त्याने गोळी झाडली. नराने पाठ वाकवली, मागचा पाय ओढला आणि तो झाडीत शिरला.

"चुकली," रॉइस म्हणाला.

"लागलीय. पोटात. पाठ वाकली त्याची."

"त्या डबड्यातून धुकं दिसलं असेल तुला. लागली असती तर पडला असता."

व्हर्नाने त्याला दरीपलीकडे नेलेच. तिथे रक्ताचा थेंब नव्हता. रॉइस वीस पावले फिरला आणि त्याने हात झटकले. "झालं समाधान? चल, वरच्या कुरणात कळप आहे." एल्कची कातडी जाड असते, केस दाट असतात. पोटातल्या जखमेचे रक्त आधी आतच साठते. रॉइस बारा वर्षांचा असताना बापाने त्याला हे माझ्यादेखत दाखवले होते. तो ते विसरला नव्हता, त्याला फक्त कंटाळा आला होता. याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

व्हर्ना एकटी पुढे गेली. दीडशे पावलांवर पहिला थेंब दिसला, मग खोडाला पुसलेला, पोटातल्या चाऱ्याचा हिरवट डाग. बर्फ पडू लागले आणि माग बुजला. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. तेवढ्या थंडीतही दाट केसांखाली सगळे मांस सडले होते.

ती तशीच गावातल्या कॅफेत आली. रॉइस केक खात चार जणांना सांगत होता, "लांडग्यांनी सगळे एल्क संपवले. डोंगर ओस पडलाय नुसता."

"एक त्यांनी नाही मारला," व्हर्ना म्हणाली. "तू हात झटकलेस ना, तिथून चारशे पावलांवर पडलाय. सडलाय. टॅग काढ."

"व्हर्ना, इथं नको."

"इथंच. सुरी माझी घे."

त्याने टॅग काढला. "तारीख कुठली कापू? आजची?"

"तुझी गोळी चुकली नव्हती, त्या दिवसाची."

त्याने कापली. हंगामाचे अकरा दिवस उरले होते. आता ते त्याला बंदुकीविना काढायचे होते.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. माझे भिंग गेले तरी चालेल. पण तुमच्या हातून काही सुटले आणि "लागलं नसेल" असे म्हणावेसे वाटले, तर आधी चालत जाऊन पाहा. व्हर्नाने कॅफेत एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगते. नर पडला होता त्या झाडाखाली बर्फ तीन जागी दबलेले होते. तो तीनदा बसला होता आणि दोनदा पुन्हा उठला होता. दोघेही शोधत राहिले असते, तर तेवढ्या वेळात आम्हाला तिथे पोहोचता आले असते.