साइडपट्टी

लढाई संपली तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. डांबऱ्यालाही वाटलं. हे नाव त्याला पलटणीतल्या पोरांनी ठेवलेलं. लढाईभर त्याने रसदीचा ट्रक हाकला आणि चाक कधी डांबरावरून खाली उतरू दिलं नाही, कारण सुरुंग असायचे ते कडेच्या मातीत. ज्यांनी चाक उतरवलं त्यांची नावं आता चौकातल्या दगडावर आहेत. हा बापडा जिवंत परतला आणि बेकार झाला.

लढायला पाठवताना हार घालणारे आता दारातूनच वाटेला लावत होते. बायको दवाखान्यातल्या फरशा पुसून घर ओढत होती. जवळची शाळा बॉम्बने पडलेली आणि लांबच्या शाळेला बस नाही, म्हणून लेक घरी बसून होती. अशात त्या शाळेने बस घेतली आणि ड्रायव्हर हवा म्हणून पाटी लावली. नेमका तेव्हाच सैन्याचाही सांगावा आला, की सरहद्दीवर पुन्हा कुरबुर आहे, जुने ड्रायव्हर हवेत, उद्या सकाळी निघायचं.

"बसचं जमवाच," बायको म्हणाली.

"आणि नाही जमलं तर?"

"असलं तोंडातून काढू नका. पुन्हा वाट बघत बसायची ताकद नाही हो माझ्यात."

चाचणी घ्यायला शाळेचे व्यवस्थापक शेजारी बसले. गोलमटोल, हसतमुख गृहस्थ. डांबऱ्याने बस अशी चालवली की त्यांच्या पोटातलं पाणी हललं नाही.

"वा! नोकरी तुमचीच समजा," ते म्हणाले. "तेवढी त्या थांब्यावर घ्या."

थांब्यावर चार पोरांबरोबर त्याची लेक उभी होती. बापाला एवढ्या मोठ्या बसमध्ये बघून नाचत होती.

"साइडपट्टीवर घ्या ना. पोरं काय भर रस्त्यात चढणार?"

या भागात कधी सुरुंग पेरलेच नव्हते, हे डांबऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पण हात ऐकतील तर शपथ. बस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले.

"अहो, नुसती माती आहे! थांबा, दाखवतो," म्हणत व्यवस्थापक खाली उतरले आणि साइडपट्टीवर धपाधप पाय आपटू लागले.

त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? पण डांबऱ्याच्या क्लीनरनेही एकदा असेच, असेच हसत पाय आपटून दाखवले होते. डांबऱ्याने उडी मारली, व्यवस्थापकांना कॉलर धरून डांबरावर फरफटत आणलं, लेकीला दंडाला धरून ओढलं आणि दोघांवर आडवा पडला. पोरं रडायला लागली. लेकीचा गुडघा सोलवटला होता.

व्यवस्थापक रागावले असते तर बरं झालं असतं. नाकातलं रक्त पुसत ते हळूच म्हणाले, "तुमच्या हाती पोरं कशी सोपवू, तुम्हीच सांगा."

डांबऱ्याने बसची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. माणूस खरं बोलत होता, म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिकडे चालतं का हे असलं?"

"तिकडे डांबर सोडलं तर शिव्या बसतात. तिकडे मी चांगला ड्रायव्हर आहे."

ती ढसाढसा रडली. लेक मात्र गुडघा चोळत म्हणाली, "बाबा, मी चालत जाईन शाळेत. तुम्ही काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी ट्रकांची रांग निघाली. वेशीबाहेर पडल्यावर त्याला ती दिसली, पाठीला दप्तर, साइडपट्टीवरून लंगडत चाललेली. त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "वर ये! डांबरावरनं चाल, बाळा!"

इंजिनांच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. बाबा निरोप घेतायत असं वाटून तिने हसून हात हलवला, आणि त्याच्या ट्रकला वाट द्यायला आणखी कडेला सरकली.