सोप्यातली ओल

मी सुभेदार बोलतोय. लगेच टाचा जुळवून सलाम ठोकू नका, मी कुत्रा आहे. इस्लामपूरपासून थोडं आत, उसाच्या रानाला लागून आमचं घर आहे. त्या घराच्या पायरीवर गोणपाट टाकलेलं दिसलं की समजा, ही माझी जागा.

नावाची गंमत सांगतो. आमचे आबा, म्हणजे आकाराम, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सारी नोकरी त्यांनी सुभेदारांचे हुकूम ऐकण्यात काढली. गावी आल्यावर पुष्कळ वर्षांनी कडब्याच्या गंजीखाली एक तांबडं पिल्लू सापडलं, तर त्याचं नाव त्यांनी सुभेदार ठेवलं. "सुभेदार, बस खाली!" असं ओरडताना त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसतं ते बघण्यासारखं असतं. म्हणून मी पहिल्या हाकेला कधी बसत नाही, दोनदा ओरडू देतो.

मला लहानपणापासून चौकशीची भारी खोड. आणि आम्हा कुत्र्यांची निम्मी चौकशी मुतावर चालते. नाक मुरडू नका, मला आडपडदा जमत नाही. विजेच्या खांबापाशी नाक नेलं की कोण येऊन गेलं, काय खाऊन आलं, घाबरलेलं होतं की रुबाबात होतं, सगळं कळतं. मग मीही दोन थेंब टाकून माझी खबर ठेवतो. माणसंही भिंतीपाशी उभी राहतात, तेही नेमकी मनाई लिहिलेल्या भिंतीपाशी. पण उभं राहून झाल्यावर कुणी वाकून वास घेत नाही. वासच घ्यायचा नाही तर भिंत कशाला शोधतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

या खोडीनंच माझा घात केला. ऊसतोड चालू होती. भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती आणि तिच्या खाली एक घूस शिरली. तिचं काय चाललंय ते बघायला मी आत गेलो. तेवढ्यात ट्रॅक्टर हलला. मी निसटलो, पण शेपूट चाकाखाली राहिली, अगदी बुडापासून. जयराजनं, म्हणजे आबांच्या मुलानं, मला अंगातल्या शर्टात गुंडाळून घरी आणलं. शर्ट नवा होता. त्यानं तसं एकदाही बोलून दाखवलं नाही.

गावात येणाऱ्या एका डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. लटपटणारे मागचे पाय हळूहळू सावरले, मी चालायला लागलो. शेपूट मात्र सुतळीसारखी लोंबत राहिली. जयराज घरी आला की मला आनंद व्हायचा, पण दाखवणार कशानं? तो म्हणायचा, "ह्यो आता माझ्याकडं बघत बी न्हाई." मला फार वाईट वाटायचं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मी गळायला लागलो. बसलो तरी थेंब, उठलो तरी थेंब, भुंकलो तर जरा जास्तच. मला ते कळायचंच नाही. मागं वळून बघावं तर फरशीवर ओली रेघ, आणि ती माझीच! जी खबर मी निवडून, जागा बघून ठेवायचो, ती आता घरभर आपोआप सांडत होती.

क्रांतीचे मात्र हाल झाले. ती या घरची सून. जनावरांचं शेण काढायचं, भाकरी थापायच्या, आणि त्यात दिवसभर माझ्या मागं फडकं घेऊन फिरायचं. फिनेलच्या वासानं माझं डोकं दुखायचं, तिचंही दुखत असणार. शेवटी तिनं एक युक्ती काढली. पाणी कमी पाजलं तर कमी गळेल. माझं पाण्याचं भांडं दुपारनंतर पालथं पडायला लागलं. मला तहान लागायची, पण गळणं काही थांबेना.

याच सुमारास मला आबांची एक गोष्ट विचित्र वाटायला लागली. तेही पाणी पिईनासे झाले. क्रांती तांब्या भरून ठेवायची, ते खिडकीतून जास्वंदीच्या मुळाशी ओतायचे. चहा अर्धाच. विट्याला भावकीतलं लग्न होतं, सोनं-चांदी गाळायची गलई दुकानं असलेले पाहुणे गाडी पाठवणार होते, तरी आबांनी गुडघा दुखतोय म्हणून नाही म्हटलं. गुडघा दुखत नव्हता. दुखणारा गुडघा मला चालीवरून ओळखता येतो.

मग एका दुपारी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, आबांच्या बाजेखाली ओल दिसली. मी जवळ जाऊन हुंगलं. माझी नव्हती!

आबा बाजेवर उठून बसले होते. त्यांनी आधी ओलीकडं पाहिलं, मग दाराकडं, मग माझ्याकडं. क्रांती आत आली तसे ते म्हणाले, "सुभेदारानं केलं बघ." आणि तांब्यातलं पाणी वरनं ओतून टाकलं.

मला राग आला का? खरं सांगतो, नाही. मला नवल वाटलं. गल्लीतल्या मोठ्या मोठ्या कुत्र्यांना मी पाहिलंय, आपलं केलेलं दुसऱ्याचं आहे असं एकानंही कधी सांगितलेलं नाही. उलट भांडणं होतात ती आपलं वर राहावं म्हणून. आणि हा बर्फात पहारा केलेला माणूस एवढ्याशा ओलीला का घाबरतोय? मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यांनी मान फिरवली. त्यानंतर हे बरेचदा झालं आणि दरवेळी माझंच नाव पुढं आलं.

एकदा क्रांतीच्या माहेरची माणसं आली. पाहुणा बाजेवर बसला आणि चटकन उठला. पांढऱ्या पँटला मागं ओला डाग. क्रांतीचं तोंड उतरलं. पाहुणे गेल्यावर जयराज म्हणाला, "आता बास. कारखान्यामागं तोडकऱ्यांच्या खोपी हायत, तिकडं सोडून येतो. चार तुकडे मिळतील त्याला."

तोडकरी हंगाम संपला की जातात. खोपी मोडतात. मग तिथं तुकडे टाकणार कोण? हे जयराजलाही ठाऊक होतं, कारण बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

क्रांती म्हणाली, "आवं, सोडायच्या आधी येकदा चांगल्या डॉक्टरला तरी दावा. मुकं जनावर हाय. मी धुतीया न्हवं का येवढे दिवस?"

जायच्या वेळी आबा आपण होऊन गाडीत येऊन बसले. "धरायला कुणीतरी पायजे," एवढंच म्हणाले.

इस्लामपुरातल्या दवाखान्यात शेळ्या, एक मांजर आणि त्यांची माणसं बसली होती. सगळ्यांचे वास एकदम नाकात शिरले, मी खूश! डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या. त्यांनी माझ्या पोटाखाली हात घातला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ह्याला पाणी कमी देताय का?"

"व्हय," जयराज म्हणाला. "गळतंय म्हणून."

"अहो, गळतंय ते आत फार भरलंय म्हणून. लघवीची पिशवी पिळून टाकणारी नसच दुखावलीय. पिशवी रिकामी होत नाही, तुंबते, आणि वरचं तेवढं बाहेर येतं. टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातनं पाणी पडतं, तसं. पाणी तोडलंत तर किडनी जाईल."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझं पोट हळूच दाबलं. काय सांगू! किती दिवसांचं ओझं धारेनं बाहेर पडलं. मी डोळे मिटून घेतले.

आबांनी मला धरलं होतं. ते डॉक्टरबाईंकडं वळले. "मंजी... गळतंय ते भरल्यामुळं?"

"हो आजोबा."

"आन माणसाचं बी असंच असतंय का, बाई?"

"असतं की. वय झालं की बऱ्याच पुरुषांना होतं. प्रोस्टेटची गाठ वाढते, लघवी तुंबते. तेही असंच पाणी तोडतात आणि दुखणं वाढवून घेतात."

जयराजला भलतीच घाई होती. "आबा, माणसाचं कशाला काढताय? बाई, ह्याचं सांगा."

"रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ असं दाबून काढावं लागेल. कदाचित जन्मभर. पण छान जगेल."

जयराजनं कपाळ चोळलं. "कोण करणार वो रोज? आन पायरीवर केलं असतं तर मी काय म्हटलं नसतं. ह्यो सोप्यात बाजंखाली करतोय. बाजंवर बी. पावण्यांच्या म्होरं मान खाली गेली आमची. न्हाई, ह्येला सोडायचाच."

दवाखान्यातली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. आबांनी माझ्या अंगावरचे हात काढले. मला वाटलं, झालं, आता हेही सोडणार. पण ते सरळ उभे राहिले, कवायतीला उभं राहावं तसे, आणि मोठ्यानं बोलले.

"बाजंखालचं त्याचं न्हाई. माझं हाय."

जयराजला कळायला वेळ लागला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. लाज वाटत हुती रं. त्यो बोलत न्हाई म्हणून त्याच्यावर ढकललं."

जयराजनं बापाच्या पाठीवर हात ठेवला. मी त्या दोघांना कधी एकमेकांना शिवताना पाहिलं नव्हतं. मग आम्ही तिथूनच माणसांच्या दवाखान्यात गेलो. मी गाडीत थांबलो, त्यांना फार वेळ लागला. आबा आले ते लघवीची नळी आणि पिशवी लावून. त्यांच्या चालीत किती दिवसांनी मोकळेपणा होता.

सध्या आमचं असं चाललंय. सकाळी आबा मला लिंबाखाली नेतात, "सुभेदार, तयार?" म्हणतात आणि पोट दाबतात. पहिल्यांदा चुकलं, दुखलं, आता हात बसलाय. क्रांती दोघांपुढं पाणी ठेवते आणि दोघांनी पिईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहते. आबांच्या पिशवीला तिनं जुन्या साडीची खोळ शिवलीय. मी ती हुंगायला गेलो की आबा ओरडतात, "चौकशा बंद!"

परवा मिरजेला त्यांचं ऑपरेशन आहे. ते परत येईपर्यंत माझं काम क्रांतीकडं आहे, कालपासून ती शिकतेय. आबा मनातून घाबरलेत. त्यांच्या तळहाताच्या घामावरून मला कळतं, म्हणून मी त्यांच्या पायापाशीच बसून असतो.

वाचकहो, एक सांगून रजा घेतो. आबांनी आपली ओल माझ्या नावावर टाकली तिचं मला काही ओझं झालं नव्हतं. ओझं त्यांनाच झालं होतं. तेव्हा तुमच्या घरातलं एखादं वडीलधारं माणूस चहा अर्धाच ठेवत असेल, गाडीत बसायचं टाळत असेल, आणि बसल्या जागी ओल दिसली की कुत्र्याकडं नाहीतर नातवाकडं बोट दाखवत असेल, तर ओरडू नका. दार लोटून घ्या, शेजारी बसा आणि हळूच विचारा. आम्हाला सगळं कळतं, पण विचारता येत नाही. तेवढं तुम्ही करा.