टाचेवरचा डाग

केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, आणि तो धुऊन जात नाही. माझी थोरली बहीण सोजरबाई, जिला मी जिजी म्हणतो, तिच्या टाचेवर तसाच डाग होता. निंबोल्याच्या केळीबागेत सारा जन्म अनवाणी फिरलेली बाई. चीकच असेल, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

दिवाळीत तिनं टाच पुढे केली. "वसंत, पाह्य बरं. मधून पांढरं पडू राह्यलं."

खरंच मधला भाग फिका झाला होता. बुऱ्हाणपूरच्या वाचनालयात चाळीस वर्षं काढली म्हणून घरातले मला विचारतात. मी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणालो, "जातोय, जिजी. बरं होतंय."

तेवढ्या शब्दावर ती चार महिने थांबली. कडेनं रक्त येऊ लागलं, तेव्हा तिचा मुलगा समाधान आम्हांला इंदूरला घेऊन गेला. तुकडा काढून तपासला. त्वचेचा कॅन्सर निघाला; डाग कापून काढावा लागणार होता.

"टाच कापायची नाही," जिजी डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "ते आपोआप जाऊ राह्यलं. माझा भाऊ शिकेल हाये, त्यानंच सांगितलं."

"पांढरं झालंय तिथे शरीरानं कॅन्सरशी झुंज दिली आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यामुळेच तो आधी किती खोल होता, ते आता मोजता येत नाही. डाग काढू, पसरलाय का ते कळायला जांघेतली ग्रंथी तपासू. पुढचं त्यानंतरच सांगता येईल."

जिजी माझ्याकडे पाहत राहिली.

"जिजी, मला काही माहीत नव्हतं. तू घाबरू नयेस म्हणून बोललो. चुकलो मी."

"म्हंजे अंदाज मारला?"

"हो."

"इतके पुस्तकं वाचून?" ती हसली, मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "मंग कापा बाई. पन हा बाहेर बसला पायजे."

टाचेचं मांस काढून तिथे मांडीची कातडी लावली. ग्रंथीत काही सापडलं नाही. हे चांगलं आहे, बाई म्हणाल्या, पण खात्री आज देत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवा.

परतताना असीरगढचा डोंगर दिसला, तेव्हा जिजीनं विचारलं, "आता काय म्हनतो? जगेन मी?"

"माहीत नाही, जिजी."

तिनं पट्टी बांधलेला पाय माझ्या मांडीवर ठेवला. "आता खरं बोलला. तीन महिन्यांनी येशील ना संगं?"

"येईन."