गिळलेला पैसा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पैसा आहे. बाजारात आता मला कुणी विचारत नाही. निदान तुम्ही तरी घटकाभर ऐका.

टांकसाळीत एका दणक्यात माझ्या एका अंगावर किंमत उमटली आणि दुसऱ्या अंगावर कुणा राजाचा चेहरा. पैशाला पाय फुटतात म्हणे. मला तरी कधी फुटले नाहीत. ज्याने उचललं त्याच्याबरोबर मुकाट गेलो. असाच एकदा एका शिंप्याच्या घरी आलो.

शिंप्याच्या धाकट्या मुलाला घरात बाळ म्हणत. एके दिवशी मी त्याच्या मुठीत होतो.

"माझा पैसा आहे तो. दे!" ताई ओरडली.

"नाही देत, जा!" म्हणत बाळने मला तोंडात लपवलं आणि घाबरून गिळलं.

मग काय, घर डोक्यावर! वडिलांनी त्याला उलटा धरून पाठीत धपके घातले. आईने रडत रडत केळी भरवली. शेजारणीने न मागता सल्ले दिले. मी आत अंधारात पडून सगळं ऐकत होतो. डॉक्टर म्हणाले, "वाट बघा. येईल बाहेर."

दुसऱ्या दिवशी मी आलो. कुठून, ते विचारू नका. माणसं मोठेपणी पैसे खातात आणि पचवतात. बाळने लहानपणीच खाल्ला आणि प्रामाणिकपणे परत केला.

आईने मला उकळत्या पाण्यात धुतलं आणि त्याच्याच हातावर ठेवलं. "घे, तुझाच हा. पण पुन्हा गिळलास तर बघ!"

बातमी नातेवाइकांत पसरली. मामा आला, त्याने एक निराळंच नाणं काढलं. "घे रे, हे नको गिळूस हं." मावशी आली, काका आले, नाणं वेगळं, विनोद तोच. बाळने सगळी एका काड्यापेटीत ठेवली. नाणी जमवण्याचा नाद त्याला लागला तो असा.

पुढे तो घड्याळं दुरुस्त करू लागला. डोळ्याला भिंग लावून नाणी पारखू लागला. काड्यापेटीची लाकडी पेटी झाली. चांदीची आली, भोकाची आली. पण पहिल्या खणात मीच. "ह्यात काय विशेष?" असं पाहुण्याने विचारलं, की बाळ पोटावर हात ठेवून म्हणे, "हा आमचा मूळपुरुष!" आणि गोष्ट सुरू होई. त्याच्या मुलाला ती सांगू लागला, की मुलगा मात्र म्हणे, "बाबा, कामात आहे. नंतर सांगा ना."

नंतर बाळ म्हातारा झाला. ताई गेली. बाळ आधी नाण्यांची नावं विसरला, मग माणसांची.

एका दुपारी त्याने पेटी उघडली. चांदीकडे पाहिलंही नाही. मला उचललं, खुदकन हसला आणि जिभेवर ठेवलं.

मुलगा धावत आला. "बाबा! अहो, थुंका ते! आधी थुंका!" त्याने तोंडात बोट घालून मला ओढून काढलं.

"ताई... ताई घेईल..." बाळ म्हणाला.

"आत्या गेली ना बाबा."

ते ऐकून बाळ असा रडला, जणू ताई आत्ताच गेली. मी मुलाच्या तळहातावर पडून होतो. माझ्यावरच्या राजाला ओठ आहेत, पण ते उघडत नाहीत. 'लहानपणी ताईपासून लपवताना यानेच मला गिळलं होतं,' एवढं एक वाक्य पुरलं असतं हो!

"आज वाचलो," मुलगा बायकोला म्हणाला. "उद्या खरंच गिळलं तर? नकोतच ही नाणी घरात." त्यात लोभ नव्हता, मित्रांनो. धसका होता.

नाण्यांचा व्यापारी आला. पेटी घेऊन गेला. मला तेवढं त्याने नखाने बाजूला सारलं. "हा राहू द्या. पार झिजलाय."

"बाबांच्या हाती लागायला नको," मुलगा म्हणाला.

"जेवायच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतोय," सून म्हणाली. "त्याच्याखाली घाला."

तेव्हापासून मी तिथे आहे. वर बाळ जेवतो. मध्येच त्याचा हात टेबलावर काहीतरी चाचपत फिरतो.

"काय हवंय, बाबा?" मुलगा विचारतो. आता त्याला हवा तेवढा वेळ आहे. बाळला मात्र सांगता येत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, आणि मला हातही नाहीत: घरातलं म्हातारं माणूस तीच ती गोष्ट पुन्हा सांगू लागलं, तर काम बाजूला ठेवा आणि एकदा शेवटपर्यंत ऐका. वस्तू आम्ही काय, पडून राहतो. पण तुमच्या माणसाची गोष्ट आम्हाला सांगता येत नाही.