डोरीनबाईंची उघडी तक्रार

मी तीनशे बारा ओळींची कोड-लायब्ररी बोलतेय. माझ्याकडे पुस्तक एकही नाही. एका टीव्ही वाहिनीच्या वेबसाइटवर जायचं, हवा तो व्हिडिओ शोधायचा आणि मागणाऱ्याच्या संगणकावर आणून ठेवायचा, एवढंच माझं काम.

कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या आर्वो लेहतोनेन या पोस्टमनने मला लिहिलं, कामामुळे हुकलेले कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे सामने बघता यावेत म्हणून. मग सगळ्यांना फुकट खुली केली. आभार कुणी मानले नाहीत. वेबसाइटने रचना बदलली आणि मी अडले, की मात्र माझ्या पानावर लेखी तक्रारींचा भडिमार. वैतागून आर्वोने एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बसवला. माझा आवृत्ती क्रमांक न लिहिलेली तक्रार तो चौदा दिवसांनी परस्पर बंद करी.

मार्चच्या सुरुवातीला डोरीन मिशानो या निवृत्त नर्सची तक्रार आली. तिच्या गावाच्या वरच्या अंगाला, नदीकाठी, कागद गिरणी. अकरा वर्षांपूर्वी गिरणीच्या मॅनेजरने याच वाहिनीवर सांगितलं होतं, नदीचं पाणी खुशाल प्या. आता एप्रिलमध्ये नदीच्या प्रदूषणाबद्दल गिरणीविरुद्ध सुनावणी होती, आणि वाहिनी महिनाअखेर जुन्या बातम्या पुसणार होती. प्रत मागितली, तर उत्तर नाही. नेमकी तेव्हाच मी बंद पडलेली. चौदा दिवस झाले आणि बॉटने तक्रार मिटवून टाकली. खोटं बोलणाऱ्यांना असली व्यवस्था फार मानवते.

डोरीनने डिरेक्टरीतून आर्वोचा नंबर काढला.

"तुझ्या त्या यंत्राने मला दारातूनच हाकललं रे!"

"मावशी, आवृत्ती क्रमांक लिहायला हवा होता."

"गावात चाळीस जणांच्या अंगावर पुरळ आहे. तो आकडा चालेल?"

आर्वोने संगणक उघडला. मग म्हणाला, "फोन ठेवू नका. बघतो."

दोनच ओळी बदलाव्या लागल्या. मी व्हिडिओ आणला, आर्वोने तो लगेच डोरीनला पाठवला. मॅनेजर हसत बोलत होता. हातातला पाण्याचा पेला त्याने शेवटपर्यंत ओठांना लावला नाही.

"बघितलंस?" डोरीन म्हणाली. एवढंच.

सुनावणीत तो व्हिडिओ दाखवला. निकाल अजून यायचाय. जुन्या बातम्या पुसल्या गेल्या, पुढे वाहिनीने वेबसाइटही गुंडाळली. आता मला जायला जागा उरली नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. आर्वोने आधी बॉट काढला, त्याने मिटवलेल्या तक्रारी पुन्हा उघडल्या, मग एकेक तक्रार स्वतः वाचून मिटवली. शेवटच्या तक्रारीपाशी त्याने डोरीनला फोन केला.

"मावशी, तुमची बंद करू का?"

"पाणी सुधारलं का?"

"नाही."

"मग?"

ती अजून उघडीच आहे. माझ्याकडे आलात, तर तेवढी वाचून जा.