माळावरची पाटी

निरगुडसरच्या वरच्या माळावर पाटी उभी राहिली, निम्म्या माळाला दोर बांधला गेला, तेव्हापासून भिमाबाई तिकडे संशयानं बघायची. तिच्या बत्तीस मेंढ्यांना चरायला दुसरी जागा नव्हती.

माळावर गवत वाढवू पाहणाऱ्या संस्थेची श्रेया जुन्नरहून तिसऱ्यांदा आली होती. पोरगी गोड बोलायची, वाढलेली भाकरी मुकाट खायची, मेंढ्यांची नावं विचारायची. म्हातारीला तेच खटकायचं. काम नसताना कोण मेंढ्यांची नावं विचारतं?

"आजी, पाऊस हल्ली सगळा तासाभरातच ओततो. माळ उघडा पडलाय, सगळी माती खाली शेतात जाते. निम्म्या माळावर दसऱ्यापर्यंत मेंढ्या सोडायच्या नाहीत. गवतानं मूळ धरलं की पाणी मुरेल, उन्हाळ्यातही चारा राहील."

"मला शिकवतीस व्हय? माझा सासरा राखण करायचा. पवन्या गवत कमरेला लागायचं इथं."

"तेच, आजी! राखणच. पाटीवर तेच लिहिलंय."

"आये, कर की अंगठा," मुलगा हनुमंत संस्थेच्या संमतीच्या कागदाशेजारी शाईची डबी उघडून म्हणाला. "पोरगी लई चांगली हाय."

"म्हून तर भ्या वाटतं."

भिमाबाई पाटीपाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण एक शब्द ती आकारावरून ओळखायची. चाळीस वर्षांपूर्वी पलीकडच्या उतारावर वनखात्याची अशीच पाटी लागली होती. तिचा अर्थ कळेपर्यंत अठरा मेंढ्या कोंडवाड्यात गेल्या. सोडवून आणेस्तोवर चार मेल्या. त्या दिवशी ती पाटीसमोरच बसून होती. मधलं अक्षर डोक्यावर आकडी घेतलेलं, शेवटचं पोट फुगलेलं. आज तीच जोडी समोर होती.

"वाच गं."

"राखण..." श्रेया अडखळली. पाटीवर होतं, 'राखीव क्षेत्र'.

"पेंटरची चूक, आजी. सरकारी पाट्या रंगवायची सवय आहे त्याला."

"आन् कागद? त्यो बी पेंटरनंच लिवला का?"

श्रेयानं पानं उलटली. दुसऱ्या पानावर 'राखीव' शब्दापाशीच तिचं बोट थांबलं आणि चेहरा उतरला. हनुमंतनं डबी मिटली.

"राखण आपली आसती, पोरी. आपणच बांधायची, आपणच सोडायची. राखीव झालं की दुसऱ्याचं. दसऱ्याला दोर सुटंल, असं लिवून आण. मग अंगठा."

"आणते आजी. नक्की आणते."

"बघू."

श्रेयाची जीप उताराला लागली. भिमाबाईनं जाळीच्या वाघरातून मेंढ्या बाहेर काढल्या. दोरापलीकडे पवन्याचे हिरवे कोंब वर आले होते, पुढची मेंढी थेट तिकडेच निघाली. म्हातारीनं आकडीची काठी आडवी धरून तिला वळवलं.

"आता का वळवतीस, आये? अंगठा तर दिला न्हाईस."

"गवतानं काय वाईट केलंय आपलं?" ती म्हणाली, आणि हे बघायला जीप मध्येच थांबली तर नाही ना, ते कड्यापर्यंत जाऊन बघून आली.