पेटीतून बाहेर आल्यावर

पंचाक्षरी अप्पांना भुताची भीती कधी वाटली नाही. "मसणात राहणाऱ्या महादेवाची माणसं आपण, भुतं म्हंजे आपले शेजारी," असं ते कपाळावरची विभूती दाखवत सांगायचे. त्यांना भीती वाटायची ती चार-पाच वर्षांच्या लेकरांची.

त्यामुळे लातुरातल्या एका बालवाडीची स्वप्नाली मॅडम दारात येऊन, हात जोडून "शरणार्थ, अप्पा" म्हणाली आणि एकतीस ऑक्टोबरला हॅलोविनचा जादूचा खेळ करा म्हणाली, तेव्हा अप्पांच्या हातातला चहा हातातच राहिला. उदगीर, देवणी, हिमायतनगर, कुठं म्हणून पेटी नेली नव्हती या जादूगारानं! लग्नात खेळ केले, गणपतीत केले, जत्रेत केले. पण बालवाडीचं नाव काढलं की बावीस वर्षं त्यांचं उत्तर एकच, तब्येत बरी नाही.

कारण होतं मुरुडच्या शाळेतल्या खेळाचं. पेटीतून बाई गायब करायची, हा अप्पांचा हुकमी खेळ. बाई म्हणजे बायकोच, नागम्मा. ती पेटीत शिरायची, मागच्या फळीतून सटकायची आणि दोन मिनिटांनी प्रेक्षकांच्या पाठीमागून "ही काय, मी हितं!" म्हणत यायची. मुरुडच्या वेळी ती आईच्या आजारपणात माहेरी देवणीला अडकली होती, म्हणून अप्पांनी शेजारची एक पोरगी उभी केली. खेळ असा रंगला की टाळ्या थांबेनात. त्यातून त्या दिवशी एसटीसुद्धा वेळेवर मिळाली. नागम्मा बरोबर असली की एसटी चुकायची हे ठरलेलंच. खेळ संपला की ही बया पोरांच्या घोळक्यात घुटमळत बसायची आणि अप्पा पेटी बांधून रस्त्यावर तळमळत उभे! मुरुडहून मात्र ते शीळ घालत घरी आले.

आठ दिवसांनी तिथल्या हेडमास्तरांचं पत्र आलं. बालवाडीतलं एक लेकरू जेवत नव्हतं, झोपेतून दचकून उठत होतं. अप्पांनी पत्राची घडी घातली आणि पेटीवर मांडायची प्लास्टरची कवटी त्याच दिवशी विहिरीत टाकली. दोष कवटीचाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आता ते नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच आतून नागम्मा म्हणाली, "करतील की. लेकरं हायत, वाघ हायत का?"

अप्पांनी बायकोकडे रागानं पाहिलं, पण मॅडमसमोर बोलणार काय? "करतो. पण एक जरी लेकरू भिऊन घरी गेलं, तर ही पेटी फोडून चुलीत घालीन. पुन्हा खेळाचं नाव घेणार न्हाई."

स्वप्नाली हसली नाही. "आमच्यात एक अंजू आहे, अप्पा. आई जूनपासून पुण्याला नोकरीला गेली आहे तिची. कुणी नजरेआड झालं की घाबरते. तेवढं सांभाळा."

"कवटी न्हाई ठेवत," अप्पा म्हणाले. झालं, त्यांच्या लेखी सांभाळलं.

हॅलोविन म्हणजे साहेबांची सर्वपित्री, असं अप्पांनी मनाशी ठरवून टाकलं आणि ते तयारीला लागले. रंगीत तालमीला प्रेक्षक दोन, सहा वर्षांची नात शिवांगी आणि भाजी निवडणारी नागम्मा. पहिला प्रयोग, लिंबू कापलं की आतून रक्त. शिवांगी आजीच्या पदरात शिरली.

"अवो, डोस्कं ठिकाणावर हाय का?" नागम्मा म्हणाली. "दारात लिंबू पडलेलं दिसलं तर हितल्या आया रस्ता बदलत्यात. आन तुमी त्यातनं रगत काढून दाखवणार? भानामती केली म्हनून उद्या शाळेला कुलूप लागंल."

लिंबू गेलं. मग सुरीनं मनगट कापायचा प्रयोग गेला, काळी बाहुली गेली. अप्पांची यादी भादव्यातल्या बैलासारखी जोरात निघाली होती, ती संध्याकाळपर्यंत पार हडकली. उरलं काय, तर दोरीच्या गाठी, कागदाची फुलं आणि रिकाम्या टोपीतून निघणारी रुमालाची भुतं. त्या भुतांनाही शिवांगीनं स्केचपेननं हसू काढलं.

"मग जादूगार कशाला बोलावला? दोऱ्या न् कागद इकणारा वाणी बोलवायचा!" अप्पा कडाडले. "माणूस गायब झालाच पायजे. त्याबिगर खेळ न्हाई."

नागम्मानं भाजीचं ताट बाजूला सारलं. "होऊ की गायब. फकस्त गुडघं आता पयल्यासारखं न्हाईत. परत यायला जरा येळ लागंल."

दोन दिवसांनी शाळेतून लाल भोपळा आला, चांगला घागरीएवढा. त्याच्यावर तोंड कोरायचं होतं. पण शाळेत सगळ्या बाया, आणि अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, हे शाळेतल्या मावशीपासून मॅडमपर्यंत सगळ्यांना घरून शिकवलेलं. त्यामुळे हॅलोविनचा भोपळा शाळेतल्या टेबलावर तीन दिवस नुसता बसून होता. अप्पांनी मोठ्या रुबाबात सुरी घातली, एक टवका काढला आणि ते हात धुवायला गेले. पुढचं पोखरणं, कोरणं सगळं नागम्मानं केलं. भोपळ्याला तिनं सुळे काढले नाहीत, दोनच दात ठेवले, त्यामुळे तो थेट अप्पांसारखा दिसायला लागला. आतल्या गराचे तिनं गूळ घालून घारगे तळले. पहिली सुरी अप्पांची आणि बाकी सगळं तिचं, असंच त्यांच्या संसाराचंही होतं. फक्त अप्पांच्या ते अजून ध्यानात आलेलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी हॉलमध्ये चाळीस भुतं मांडी घालून बसली होती. कुणाला पुठ्ठ्याचे पंख, कुणाच्या अंगावर आजोबांचं धोतर. गाठी सुटल्या, फुलं उमलली, हसरी भुतं टोपीतून निघाली. लेकरं खिदळत होती. अंजूसुद्धा हसली, हे अप्पांनी दोनदा पाहून घेतलं. बावीस वर्षांनी त्यांच्या छातीवरचा दगड हलला.

मग पेटी. नागम्मा आत गेली. अप्पांनी पडदा ओढला, मंतर म्हटला, पडदा सारला. पेटी रिकामी!

आणि एक बारीक किंकाळी उठली.

"आजी गेली! आजी पण गेली!"

अंजू उभी राहिली होती. तिच्या शेजारच्या भुतानं सूर धरला, मग त्याच्या शेजारच्यानं. अप्पा मागच्या दाराकडे बघू लागले. दोन मिनिटं झाली, तीन झाली. दाराशी पाच पायऱ्या होत्या आणि नागम्माचे गुडघे होते. अप्पांनी फुलं काढली, रुमाल काढले, पण बघतंय कोण? मुरुडच त्यांच्या पुढ्यात येऊन बसलं होतं. पेटी चुलीत जाणार, हे त्यांनी जवळजवळ मान्य केलं.

"ही काय, मी हितं!"

नागम्मा लंगडत आत आली. रिवाजाप्रमाणे तिनं मंचावर येऊन वाकायचं होतं. ती मंचाकडे फिरकलीच नाही. सरळ अंजूपाशी गेली आणि कण्हत जमिनीवर बसली.

"हात लाव मला. गार हाय का गरम?"

अंजूनं एक बोट टेकवलं. मग सगळा पंजा ठेवला. "गरम."

"मंग? गेले कुठं मी? ह्या दारानं गेले, त्या दारानं आले. गुडघ्यामुळं उशीर झाला. तुजी आई परवा दिवाळीला आलती का न्हाई?"

"आली होती."

"आन परत येनार हाय का न्हाई?"

अंजूनं नाक पुसलं आणि मान हलवली. नागम्मानं बरोबर आणलेल्या डब्यातला घारगा तिच्या हातावर ठेवला. ते पाहून बाकीची भुतंही उठली. कुणी न सांगता रांग लागली. एकेक जण येई, आजीला हात लावी, गरम आहे अशी खात्री करून घेई आणि घारगा घेऊन पुढे जाई.

अप्पा मंचावर टोपी धरून उभे होते. हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. देवणीत, उदगिरात, शंभर गावांत पाहिलं होतं, पण पाठमोरं, पेटी बांधता बांधता, एसटीच्या नावानं शंख करत. फक्त मुरुडला ही रांग लागली नव्हती. त्या पोरीला घेऊन ते वेळेवर गाडीत बसले होते. बिचारी कवटी उगाच विहिरीत गेली.

ते खाली उतरले. "दर खेपेला हेच करायचीस तू?"

"मंग? तुमी गायब करून मोकळे. परत आल्याली कुनी दाखवाय नको?"

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमचं ध्यान एस्टीकडं."

तीस वर्षं टाळ्या त्यांनी घेतल्या, शाली त्यांनी घेतल्या, आणि गावोगावची लेकरं निवांत झोपली ती हिच्या हातामुळे. ते मागे गेले आणि रांगेच्या शेवटी, धोतर गुंडाळलेल्या एका भुताच्या पाठीमागे उभे राहिले. अंजूला गंमत वाटली, ती दुसऱ्या घारग्यासाठी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

नंबर आला. नागम्मानं वर पाहिलं. "अवो, तुमी कशापायी?"

"बघू दे मला बी." अप्पांनी तिचा हात हातात घेतला. घारग्यांच्या तेलानं चिकट झालेला, गरम हात. "लई उपकार हायत तुझे, नागम्मा."

सगळ्या शाळेसमोर नागम्मा लाजली. तिनं त्यांच्या तळहातावर घारगा ठेवला.

"बरं, सरका आता पुढं," ती म्हणाली. "मागं लेकरू हाय."